लॉची सीट दिसतेय, टीवाय निसटतंय: आधी काय करायचं, मग काय

मुंबईच्या फोर्टात आमच्या वकिली चेंबरमध्ये दरवर्षी टीवायची (पदवीच्या तिसऱ्या, शेवटच्या वर्षाची) दोन-तीन मुलं येतात. लॉ सीईटी (लॉची राज्यस्तरीय प्रवेश परीक्षा) चांगली गेलेली असते, नाहीतर बाहेरच्या एखाद्या विद्यापीठाचं पत्र आलेलं असतं, आणि आता पांढरा शर्ट-काळी पँट घालून कोर्टात हिंडायची घाई झालेली असते. मी पहिल्या दिवशी कुणाच्याही हातात फाइल देत नाही, पाचव्या सेमिस्टरची मार्कशीट मागतो. निम्म्यांची गाडी तिथेच अडते. ‘सर, मार्कशीट घरी राहिलीय.’

घसरलेलं टीवाय सावरता येतं. पण मुलं ते उलट्या क्रमाने सावरायला जातात. आधी सहाव्या सेमिस्टरचा अभ्यास जोरात सुरू करतात, मग मित्राला टक्के विचारतात, आणि एसवायची (दुसऱ्या वर्षाची) राहिलेली केटी, म्हणजे नापास झालेला आणि पुन्हा द्यायचा पेपर, आठवते ती थेट निकालाच्या दिवशी. मी ज्यांच्या सीटा गेलेल्या पाहिल्या, त्यातल्या बहुतेकांच्या टक्क्यांपायी गेल्या नाहीत. एका राहिलेल्या पेपरापायी गेल्या.

खालचा क्रम मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांतल्या बीए, बीकॉम, बीएस्सी आणि तत्सम टीवायसाठी आहे. कॉलेज स्वायत्त असेल तर परीक्षेचे फॉर्म भरायच्या खिडक्या बदलतात, क्रम तोच राहतो.

टप्पा १: तुमची अट नेमकी कोणती, ते कागदावर आणा

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर चार गोष्टी लिहा. प्रवेश कुठे, किमान टक्के किती, पदवी कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण झालेली दाखवायची, आणि ती कोणत्या कागदाने दाखवायची. हे चारही रकाने भरल्याशिवाय पुस्तक उघडू नका.

राज्याच्या तीन वर्षांच्या एलएलबीला (सरकारी लॉ कॉलेज म्हणजे जीएलसी, केसी लॉ, माटुंग्याचं न्यू लॉ, सिद्धार्थ, पार्ल्याचं जितेंद्र चौहान वगैरे) प्रवेश सीईटी सेलच्या (ही परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या यंत्रणेच्या) कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून होतो. क्रमांक लागतो सीईटीच्या गुणांवर. पदवीचे टक्के हे नुसतं फाटक आहे: खुल्या प्रवर्गाला ४५, राज्यातल्या ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीला ४२, एससी-एसटीला ४०. सीईटी शेवटच्या वर्षाला असताना देता येते, पण प्रवेशाच्या वेळी उत्तीर्ण पदवी दाखवावीच लागते. ९९ पर्सेंटाइल घेऊन आलात आणि खुल्या प्रवर्गात पदवीला ४४ टक्के पडले, तर फाटकातून आत जाता येत नाही. आणि तो ९९ पुढच्या वर्षीही चालत नाही, सीईटीचा स्कोअर त्या वर्षापुरताच असतो.

इथेच पहिला सापळा आहे. विद्यापीठात पास व्हायला ४० लागतात, लॉला (खुल्या प्रवर्गात) ४५. म्हणजे सगळ्या पेपरांत पास होऊन, हातात पदवी असूनही माणूस अपात्र ठरू शकतो. हे मुलांना जुलैत कळतं.

दिल्ली विद्यापीठाच्या तीन वर्षांच्या एलएलबीला खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के लागतात. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलची परीक्षा स्वतंत्र असते, आणि तिथेही शेवटच्या वर्षाच्या मुलाला मिळालेली जागा पदवी पूर्ण होण्याच्या अटीवरच असते. इंग्लंडहून येणारं पत्र बहुधा ‘कंडिशनल ऑफर’ असतं. त्यात अंतिम टक्केवारीचा आकडा स्पष्ट लिहिलेला असतो, आणि तो ४५ पेक्षा बराच वर असू शकतो. अमेरिकेत जेडीला (तिथल्या कायद्याच्या पदवीला) निघालेल्यांना पदवी मिळाल्याची नोंद असलेलं अंतिम ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा अधिकृत उतारा) द्यावं लागतं. गुण लक्षणीय घसरले तर प्रवेशाचा फेरविचार होईल, असं वाक्य तिथल्या बऱ्याच पत्रांत असतं. पत्र मिळालं की लोक पहिली ओळ वाचून पेढे आणायला जातात. ते वाक्य खाली असतं.

> तपासा: आकडा आणि तारीख माहितीपुस्तिकेतून किंवा पत्रातूनच घेतली ना? ‘सिनियर म्हणाला’ हा पुरावा नाही. पुस्तिका चालू वर्षाचीच हवी.

टप्पा २: सगळ्या मार्कशीट जमिनीवर पसरा

सेमिस्टर एकपासून पाचपर्यंत, केटीच्या वेगळ्या मार्कशीटसकट. मोबाइलमधले फोटो नकोत, कागद हवेत. एखादी मार्कशीट कॉलेजातून उचललीच नसेल तर ती आज कळलेली बरी.

आता तीन प्रश्न याच क्रमाने विचारा.

पहिला: कुठे केटी आहे का? एकही असेल तर टक्क्यांचं गणित बाजूला ठेवून थेट टप्पा ३ वर जा.

दुसरा: अंतर्गत आणि लेखी, दोन्हींत वेगवेगळं पास आहात का? ७५-२५ चा पेपर असेल तर ७५ पैकी ३० आणि २५ पैकी १० असे स्वतंत्र लागतात. अंतर्गतला २० आणि लेखीला २८ मिळाले तर बेरीज ४८ होते, पण पेपर नापासच. मुलं बेरीज बघून निश्चिंत राहतात.

तिसरा: टक्के. हे अंदाजाने करू नका, वहीत मांडा. समजा टीवायला प्रत्येक सेमिस्टरला १००-१०० गुणांचे सहा पेपर आहेत आणि पाचव्या सेमिस्टरला ६०० पैकी २४९ आलेत. म्हणजे साडेएक्केचाळीस टक्के. वर्षाचे १२०० धरले तर ४५ टक्क्यांना ५४० लागतात. ५४० वजा २४९, म्हणजे सहाव्या सेमिस्टरला २९१ हवेत, पेपरमागे साडेअठ्ठेचाळीस. पण बरोबर काठावर कुणी नेम धरत नाही. ४७ टक्के धरा: ५६४ वजा २४९, म्हणजे ३१५, पेपरमागे साडेबावन्न. हा आकडा टेबलासमोर चिकटवा. ‘खूप अभ्यास करायचाय’ यापेक्षा ‘पेपरमागे ५३’ हे जास्त कामाचं आहे.

हेच गणित सहाही सेमिस्टर मिळून पुन्हा करा. ज्या हिशेबात तुमचे टक्के कमी येतील, तो धरून चाला. एफवायला (पहिल्या वर्षाला) छान गुण असतील तर एकत्रित सरासरी गोड दिसते, म्हणून नुसत्या टीवायचा हिशेब टाळायचा मोह होतो.

> इशारा: सीजीपीएला दहाने गुणून टक्के काढू नका. मुंबई विद्यापीठाच्या दहा गुणांच्या श्रेणीत ‘बी’ म्हणजे ५० ते ५४.९९ टक्के आणि त्याचा श्रेणीगुण ६. दहाने गुणलंत तर ६० दिसतील, जे तुम्हाला मिळालेलेच नाहीत. तुमच्या अभ्यासक्रमाचं अधिकृत रूपांतर कॉलेजच्या परीक्षा विभागातून लेखी घ्या. आणि ४४.८ ला कुणी ४५ करून देईल हे गृहीत धरू नका.

टप्पा ३: सगळ्यात जुनी केटी सगळ्यात आधी

सहावं सेमिस्टर कितीही चांगलं गेलं तरी खालच्या एखाद्या सेमिस्टरची केटी बाकी असेल तर अंतिम निकाल राखून ठेवला जातो. मार्कशीटवर ‘आरएलई’ येतं, म्हणजे खालच्या परीक्षेमुळे राखीव. सीईटी सेलच्या दृष्टीने तुमची पदवी तेव्हा पूर्ण झालेली नसते.

आधी कोणती खिडकी ते समजून घ्या. संलग्न कॉलेजांत पहिल्या चार सेमिस्टरच्या परीक्षा कॉलेज घेतं, पाचवी-सहावी विद्यापीठ घेतं. म्हणून एसवायच्या केटीचा फॉर्म आणि सेमिस्टर पाचच्या केटीचा फॉर्म वेगळे, तारखा वेगळ्या, वेळापत्रकंही वेगळी. एक भरला की दुसरा आपोआप भरला जात नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आलेल्या एका मुलाने सहाव्या सेमिस्टरचा फॉर्म भरताना सगळं भरलं असं समजून चौथ्या सेमिस्टरची केटी तशीच सोडली होती. त्याला कुणी अडवलं नव्हतं. नोटीस बोर्डवर लागली होती, आणि तो त्या आठवड्यात आमच्याच ऑफिसात झेरॉक्स काढत होता. तेव्हापासून मी मार्कशीट मागायला लागलो.

कामाचा क्रम असा:

१. परीक्षा विभागात जाऊन आपल्या नावावर नेमके कोणते पेपर बाकी आहेत, हे विषयाच्या कोडसकट लिहून घ्या.
२. प्रत्येक पेपरची पुढची परीक्षा कधी, फॉर्म कधी सुटणार, विलंब शुल्काची शेवटची तारीख कोणती, हे समोर लिहा.
३. फॉर्म भरल्याची पावती फाइलमध्ये. ऑनलाइन भरला असला तरी छापून ठेवा.
४. सहाव्या सेमिस्टरचं आणि केटीचं वेळापत्रक एकावर एक ठेवून बघा. एकाच दिवशी दोन पेपर येत असतील तर ते परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगून उपयोग नसतो.

जुना पेपर असेल तर अभ्यासक्रम बदललाय का, हेही विचारा. जुन्या अभ्यासक्रमाच्या केटीला नव्या नोट्स घेऊन बसलेली मुलं असतात.

> तपासा: टप्पा १ मधली तारीख आणि या केटीच्या निकालाची शक्य तारीख शेजारी लिहा. निकाल प्रवेशानंतर येणार असेल, तर ते आत्ता घरी सांगायचं.

टप्पा ४: हजेरी, अंतर्गत गुण आणि मॅडम

टीवाय घसरतं ते परीक्षेत नाही, डिसेंबर ते फेब्रुवारीत. कुणी सीईटीच्या क्लासला जातो, कुणी चेंबरमध्ये, कुणी नुसताच ‘आता काय, झालं की’ म्हणत कट्ट्यावर. परिणाम एकच: हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली, नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये, प्रोजेक्ट अर्धवट.

हजेरीचा आकडा यादी लागायच्या आधी विचारा. आजारपण खरं असेल तर त्याचे कागद त्याच आठवड्यात द्या. दोन महिन्यांनी आणलेलं सर्टिफिकेट ऑफिसमधले लोक बरोबर ओळखतात.

अंतर्गत गुण सगळ्यात स्वस्तात मिळतात. प्रोजेक्ट, असाइनमेंट, व्हायवा यांच्या तारखा चुकवून लेखीत भरपाई करणं म्हणजे दुप्पट मेहनत. तुमच्या विषयाला अंतर्गत भाग असेल तर पहिला आठवडा त्यालाच द्या. एनएसएस, एनसीसी किंवा डीएलएलईचं (विद्यापीठाच्या आजीवन शिक्षण व विस्तार विभागाचं) काम पूर्ण केलं असेल तर त्याचे १० पर्यंत ग्रेस गुण मिळू शकतात. ती यादी कॉलेजकडून वेळेत पुढे गेली का, हे तुम्हीच विचारायचं, दुसरं कुणी विचारत नाही.

मग शिक्षकांकडे जा, पण रिकाम्या हाताने नाही. मुलं साधारण असं बोलतात:

‘मॅडम, माझं लॉला होतंय, प्लीज बघा ना काहीतरी.’

यावर मॅडम काय बघणार? उत्तरपत्रिका तर बहुधा त्यांच्याकडे नाहीतच. त्याऐवजी:

‘मॅडम, पेपर सहाला मला ४१ आलेत. मागच्या वर्षीच्या पेपरातली दोन उत्तरं लिहून आणलीत. गुण कुठे जातायत तेवढं पाच मिनिटं बघून सांगाल का?’

या वाक्याला नाही म्हणणारी शिक्षिका मला माहीत नाही. लॉला जाताय हे मध्ये आणूही नका, ते तुमचं खासगी आहे.

घरी सांगणं याहून अवघड. पेढे वाटून झालेले असतात, मामा-काकांना ‘आमचा वकील’ म्हणून सांगून झालेलं असतं. तरी टप्पा १ चा कागद जेवणानंतर बाबांच्या पुढे ठेवा आणि आकडाच सांगा: ‘बाबा, सहाव्या सेमला पेपरमागे ५३ पडले तरच सीट राहते. जूनपर्यंत लग्नबिग्न, गावी जाणं मला धरू नका.’ निकालाच्या दिवशी कळण्यापेक्षा हे सोपं जातं. आई दोन दिवस गप्प बसेल, तेवढं सोसा.

टप्पा ५: उरलेले आठवडे कसे वाटायचे

सीईटी कधी येते यावर इथे बरंच अवलंबून आहे. २०२४ मध्ये ती मार्चात झाली, २०२५ मध्ये मेमध्ये. सहाव्या सेमिस्टरची लेखी साधारण मार्च-एप्रिलात असते, म्हणजे सीईटी कधी तिच्या आधी, कधी नंतर.

आधी असेल तर धोका सुटकेच्या भावनेचा. सीईटी देऊन आलं की मुलं ‘एक आठवडा ब्रेक’ घेतात आणि तो तीन आठवडे चालतो. दोन दिवस झोपा, तिसऱ्या दिवशी टीवायचं पुस्तक. नंतर असेल तर लेखी संपेपर्यंत सीईटीला रोज एक तास, त्याहून जास्त नाही. चालू घडामोडी लोकलमध्ये वाचा. बोरिवली-चर्चगेट किंवा डोंबिवली-सीएसएमटी रोज करत असाल तर तो वेळ तसाही उभं राहून जातो.

चेंबर, क्लास शिकवणं, कंटेंट लिहिणं, जे काही बाहेरचं काम धरलं असेल ते थांबवा. मी स्वतः मुलांना परत पाठवतो. परीक्षा संपली की या म्हणतो. मेमध्ये तर हायकोर्टालाही सुट्टी असते, घाई कुणालाच नसते.

पेपरांचे तीन गठ्ठे करा. पाचव्या सेमिस्टरला ज्यांत ४५ च्या खाली आलात ते (आणि केटीचे) पहिल्यात, ४५ ते ५५ दुसऱ्यात, त्यावरचे तिसऱ्यात. बहुतेकजण तिसऱ्या गठ्ठ्यापासून सुरुवात करतात, कारण तो आवडतो. तुम्ही पहिल्यापासून करा आणि तिथे नेम ४० चा नाही, ५० चा ठेवा. काठावर नेम धरलेला पेपर काठाच्या अलीकडेच पडतो. पहिला गठ्ठा हलायला लागला की बाकीचा वेळ दुसऱ्याला. ४८ चे ५८ करणं, ६५ चे ७५ करण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. तिसऱ्या गठ्ठ्याला आठवड्यातून एक बैठक पुरते.

आता खरी गोष्ट, जिच्यात सगळ्यात जास्त गुण सांडतात: लिहिण्याचा सराव. टीवायचा पेपर न आल्यामुळे जातो त्याहून जास्त वेळा न संपल्यामुळे जातो. तीन तास, १०० गुण, २०-२० चे पाच प्रश्न, असा पेपर धरा. एका प्रश्नाला ३३ मिनिटं दिली की पाचांना पावणेतीन तास होतात आणि १५ मिनिटं हातात राहतात. पण आवडत्या पहिल्या प्रश्नाला ५५ मिनिटं दिली की पाचवा प्रश्न उरतो, नाहीतर चार ओळींत आटपतो. तो सोडला की तुम्ही ८० पैकीच पेपर लिहिलात. सहा पेपरांत असे सहा प्रश्न सोडले तर १२० गुण तुम्ही मागितलेच नाहीत. टप्पा २ मधलं गणित आठवा, तिथे आपण २४९ चे ३१५ करायला, म्हणजे ६६ गुणांसाठी झगडत होतो.

म्हणून आठवड्यातून दोनदा घड्याळ लावून पूर्ण पेपर लिहा. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका कॉलेजच्या लायब्ररीत असतात. घरी जागा नसेल (दहा बाय बाराच्या खोलीत चौघं आणि टीव्ही, हे मला नवीन नाही) तर जवळच्या अभ्यासिकेत नाव घाला. शाई पेनाची, कागद फुलस्केप. मोबाइलवर मुद्दे टिपणं म्हणजे पेपर लिहिणं नाही.

लिहून झाल्यावर स्वतःच तपासा: प्रश्नात दोन भाग होते का, दोन्हींना उत्तर दिलं का? ‘टीकात्मक परीक्षण करा’ म्हटलं तिथे नुसती माहिती ओतली का? लॉला जाणाऱ्या मुलाने प्रश्न नीट न वाचणं मला जरा जास्तच खटकतं.

> इशारा: ‘ग्रेस मिळेल’ या भरवशावर एकही पेपर सोडू नका. ग्रेसमुळे पास होता येईल, ४५ टक्के गाठता येतीलच असं नाही.

टप्पा ६: परीक्षेचे दिवस

हॉल तिकीट मिळताच नाव, विषयांची कोडं, माध्यम, केंद्र, सगळं वाचा. मराठी माध्यमाच्या जागी इंग्रजी आलं असेल तर त्याच दिवशी कॉलेजला लेखी द्या. केंद्र अनोळखी असेल तर आदल्या दिवशी जाऊन बघा, आणि नेहमीच्या लोकलच्या दोन लोकल आधी निघा.

प्रत्येक पेपरनंतर उत्तरपत्रिकेचा क्रमांक हॉल तिकिटाच्या मागे टिपा. बारकोडचं स्टिकर सांगितलेल्या चौकटीतच लावा. शेवटच्या पेपरनंतर हॉल तिकीट फेकू नका. निकालात हजर असताना गैरहजर दिसलात, तर पहिली मागणी त्याचीच होते.

पेपर झाल्यावर चर्चगेट स्टेशनाबाहेर उभं राहून उत्तरं जुळवत बसू नका. बाकी या टप्प्यात सांगण्यासारखं फार नाही.

टप्पा ७: लेखी संपली ते निकाल लागला

कायद्यानुसार विद्यापीठाने निकाल ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत लावायचा असतो. पण २०१७ मध्ये उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायला घेतल्या, तेव्हा निकाल महिनोन् महिने रेंगाळले होते. म्हणून कॅपची तारीख आणि निकालाची तारीख नीट जुळेल या आशेवर राहू नका. सीईटी सेलच्या सूचना रोज बघा आणि बाकीचे सगळे कागद आधीच तयार ठेवा, म्हणजे निकालाच्या दिवशी फक्त एकच कागद जोडायचा राहील.

दहावी-बारावीच्या मार्कशीट, लिव्हिंग सर्टिफिकेट, सेमिस्टर एक ते पाच, डोमिसाइल, लागू असेल तर जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि चालू नॉन-क्रिमीलेअर. दाखले ‘आपले सरकार’वरून काढता येतात, पण वेळ लागतो. मार्कशीटवर एक नाव, आधारवर दुसरं, असं असेल तर तेही याच काळात सरळ करा. राखीव प्रवर्गाचा दाखला वेळेत नसला की खुल्या प्रवर्गात धरलं जाण्याची वेळ येऊ शकते, आणि मग ४२ ची अट ४५ होते. टक्के तेच, सीट मात्र जाते.

टप्पा ८: निकाल लागला

निकाल बघितल्यावर आधी ‘पास’ शब्द बघा, मग प्रत्येक पेपर, मग एकूण.

*पास, पण अटीच्या खाली.* काठावरचे दोन-तीन पेपर निवडा. उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन, दोन्हींची मुदत थोड्या दिवसांची असते, पहिल्याच दिवशी बघून ठेवा. ज्या पेपरात उत्तर खरोखर पूर्ण लिहिलं होतं त्यालाच पैसे घाला, रागाच्या भरात सहाच्या सहा टाकू नका. ग्रेस गुण लागलेत का ते तपासा. गुणसुधारासाठी पुन्हा बसता येतं का, हे परीक्षा विभागात लेखी विचारा.

*आरएलई.* केटी नंतर सुटलेली असेल आणि तिचे गुण विद्यापीठापर्यंत पोचलेले नसतील, तर हे कागदाचं काम आहे. सुटलेल्या केटीची मार्कशीट घेऊन आधी कॉलेज, मग लागेल तर कलिनाचं परीक्षा भवन. फोनवर काही होत नाही, अर्जाची पोच घेऊन या. केटी सुटलेलीच नसेल तर पुढचा परिच्छेद वाचा.

*एक पेपर गेला.* पुनर्मूल्यांकन टाका, पण त्याच वेळी पुढच्या परीक्षेचा केटी फॉर्मही भरा. मुलं म्हणतात, ‘रिव्हॅल्युएशनला सुटेलच, फॉर्म कशाला?’ रिव्हॅल्युएशनचा निकाल येतो तोवर फॉर्मची तारीख उलटलेली असते, आणि एका पेपराचं वर्ष होतं. फॉर्मचे पैसे गेले तर जाऊ देत.

> इशारा: सुधारित गुण यायच्या आधी कॅपच्या अर्जात ‘अपेक्षित’ टक्के भरू नका. खोटं सर्टिफिकेट, फिरवलेली मार्कशीट यांचा विचारही नको. वकिलीची सनद घेताना बार कौन्सिलपुढे पदवीचे कागद पुन्हा जातात, आणि तेव्हा पकडलेली गोष्ट लॉच्या पदवीसकट सगळं बुडवते.

टप्पा ९: जिथे प्रवेश मिळालाय, त्यांना कळवणं

कॅपमधल्या कॉलेजला पत्र लिहून काही साधत नाही, तिथे अट ती अट. बाहेरचं विद्यापीठ असेल तर मात्र त्यांना ट्रान्सक्रिप्टमधून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या. चार वाक्यं पुरतात: अट काय होती, प्रत्यक्ष आकडा किती, पुनर्मूल्यांकन किंवा पुढची परीक्षा यातलं काय सुरू आहे, आणि कोणता कागद कोणत्या तारखेला देऊ शकता. जागा पुढच्या वर्षासाठी राखता येईल का, हा प्रश्न पाचवं वाक्य म्हणून चालेल. मुंबईची गर्दी, पाऊस, आजीचं आजारपण, हे कागदाने दाखवता येत असेल तरच लिहा. शिफारसपत्र देणाऱ्या सरांनाही एक ओळ टाका, विद्यापीठाने त्यांना विचारलं तर ते गोंधळायला नकोत.

आणि वर्ष गेलंच, तर त्याच आठवड्यात तीन तारखा कॅलेंडरवर लावा: हिवाळी परीक्षेचा फॉर्म, ऑक्टोबर-नोव्हेंबरातली ती परीक्षा, आणि पुढच्या सीईटीची नोंदणी. त्या वर्षात चेंबरमध्ये यायला माझी हरकत नसते, संध्याकाळी पाचनंतर. येताना केटी फॉर्मची पावती घेऊन या.